गोलजाळ्यापुढचा विद्यार्थी

खेळाडूच्या नावावर निघालेले पुस्तक खेळाडूने लिहिलेले नसतेच, असे गृहीत धरण्याची सवय आम्हां साहित्याच्या शिक्षकांना लागलेली आहे. आणि ही सवय अगदीच निराधार आहे असे नाही. अशा पुस्तकांत बहुधा खेळाडू बोलतो आणि दुसरा कोणी लिहितो, आणि या बोलण्या-लिहिण्याच्या मधल्या अंतरात अनुभवाचा जो कस असतो तो निघून जातो. हाती उरते ते गाजलेल्या सामन्यांचे वर्णन, आईवडिलांचे व गुरूंचे ऋणनिर्देश, एखादा जुना वाद आणि शेवटी तरुण पिढीसाठी उपदेशाचे चार शब्द. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना या पुस्तकांकडे आपण वळत नाही, याचे कारण हेच. कॅनडाचे गोलरक्षक केन ड्रायडन यांचे 'द गेम' हे १९८३ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या सवयीला छेद देते. ते त्यांनी स्वतः लिहिले, खेळातून निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी कॅनडाच्या गव्हर्नर जनरल पुरस्काराच्या अंतिम यादीत ते आले. क्रीडापुस्तक म्हणून नव्हे, गद्य म्हणून.

ड्रायडन ५ सप्टेंबर २०२५ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी वारले. त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब कोणालाही चटकन मांडता येतो: माँट्रियल कॅनेडियन्स या एकाच संघाकडून आठ हंगाम, सहा स्टॅन्ले चषक, नियमित हंगामांतले ३९७ सामने आणि त्यांत पराभव अवघे ५७. पुढे ते खासदार झाले, २००४ ते २००६ या काळात मंत्रीही होते. या लेखात आम्हांला या हिशेबाचे फारसे काम नाही. आमचा रस आहे तो १९६४ ते १९७१ या सात वर्षांत. म्हणजे ते आधी महाविद्यालयीन संघातून खेळणारे इतिहासाचे विद्यार्थी आणि नंतर कायद्याचे वर्ग सांभाळून खेळणारे गोलरक्षक होते त्या काळात. 'द गेम'ची चौकट १९७८-७९ या त्यांच्या शेवटच्या हंगामातल्या काही दिवसांची आहे. पण त्या पुस्तकामागची दृष्टी या आधीच्या वर्षांत घडली असे आमचे मत आहे, आणि ते मत आमच्या पेशाला थोडे अडचणीत आणणारे आहे.

मराठी वाचकाच्या मनात हॉकी म्हटले की ध्यानचंद येतात, हिरवे मैदान येते. कॅनडातली हॉकी बर्फावरची. दोन्ही बाजूंना गोलरक्षकासह सहा सहा खेळाडू, पायांत पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, जिला तिकडे 'पक' म्हणतात. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच अशा जाळ्यापुढे गोलरक्षक उभा असतो आणि ती चकती, नीट दिसण्याच्या आत, त्याच्या अंगावर येते. जाक प्लांट या गोलरक्षकाने सामन्यात नियमितपणे मुखवटा वापरायला सुरुवात केली ती १९५९ च्या नोव्हेंबरात. तोवर बहुतेक गोलरक्षक उघड्या चेहऱ्यानेच उभे राहत. ड्रायडन तेव्हा बारा वर्षांचे होते आणि टोरांटोच्या इस्लिंग्टन या उपनगरात राहत होते. म्हणजे गोलरक्षकाला चेहरा झाकण्याची मुभा मिळाल्यावर मोठी झालेली जी पहिली पिढी, तिच्यातले ते.

त्यांचे वडील मरे ड्रायडन हे विक्रीच्या व्यवसायातले गृहस्थ. त्यांनी घरामागच्या मोकळ्या जागेवर डांबर घालून घेतले, दोन्ही टोकांना जाळी उभी केली, आणि आळीतल्या मुलांसाठी ते अंगण म्हणजे वर्षाचे बाराही महिने चालणारे मैदान झाले. केनपेक्षा सहा वर्षांनी मोठा भाऊ डेव्ह त्या अंगणात गोलरक्षक होता, म्हणून केनही गोलरक्षक झाला. यापलीकडे या निवडीला कारण नाही. (धाकट्या भावंडांच्या आयुष्यातल्या बऱ्याच निवडी अशाच होतात.) 'द गेम'मधली या अंगणाविषयीची पाने आमच्या मते पुस्तकातली सर्वांत चांगली पाने आहेत. शिट्टी, पंच, प्रशिक्षक, वेळापत्रक यांतले काहीही नसलेला खेळ कसा असतो आणि तो गेल्यावर नेमके काय जाते, याचा तिथे विचार आहे. त्यात हळहळ आहे, पण ती विचाराला झाकत नाही. बालपणाच्या आठवणी लिहिणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना हे साधत नाही. त्यांचे अंगण हळूहळू तुळशीवृंदावनाकडे सरकू लागते.

याच मरे ड्रायडन यांनी आपल्या पत्नीसह १९७० साली गरीब मुलांना अंथरूण-पांघरूण देण्याचे एक काम सुरू केले, जे पुढे अनेक देशांत पसरले. त्या कामाची सुरुवात पुण्यात झाली. ड्रायडन कुटुंबाचा आणि महाराष्ट्राचा एवढाच एक धागा आम्हांला ठाऊक आहे; तो आमच्या विषयाशी निगडित नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९६४ मध्ये बॉस्टन ब्रुइन्स या व्यावसायिक संघाने सोळा वर्षांच्या केनला आपल्या यादीत घेतले, चौदाव्या क्रमांकावर. थोड्याच दिवसांत बॉस्टनने त्याचे हक्क माँट्रियलला देऊन टाकले. त्या काळचा कॅनडातला रस्ता ठरलेला होता: गुणी मुलाने सोळा-सतराव्या वर्षी घर सोडायचे, दुसऱ्या गावी परक्या कुटुंबात राहायचे, 'ज्युनियर' संघातून हंगामभर सामने खेळायचे आणि शाळा जमेल तेवढी करायची. या रस्त्याने जाणाऱ्या शंभरांतले किती व्यावसायिक संघात पोहोचत आणि न पोहोचणाऱ्यांच्या हाती काय उरे, हा प्रश्न मुलाच्या वयात विचारण्याचा नव्हता. तो घरच्यांनी विचारायचा. ड्रायडन त्या रस्त्याने गेले नाहीत. १९६५ मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकायला गेले.

आजच्या वाचकाला हा निर्णय शहाणपणाचा वाटेल. तेव्हा तो खेळाकडे पाठ फिरवण्यासारखा होता. अमेरिकन महाविद्यालयांतून वर चढून व्यावसायिक हॉकीत नाव काढणारे त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. शिवाय कॉर्नेल ज्या आयव्ही लीगमध्ये मोडते त्या गटातली विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. हा त्यांच्यातला १९५४ पासूनचा करार. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात जागाही नसे. ते वर्ष त्याने शिकण्यात घालवावे आणि खेळायचेच तर नवागतांच्या संघातून खेळावे, अशी रीत होती. व्यावसायिक संघाच्या यादीत नाव असलेल्या मुलाला वर्षभर मुख्य संघाबाहेर बसवणारी व्यवस्था आज कोणाला परवडेल असे वाटत नाही.

मुख्य संघात त्यांनी १९६६ ते १९६९ असे तीन हंगाम काढले. प्रशिक्षक नेड हार्कनेस. गाव लहान, हिवाळा लांब, आणि लायना रिंक हे विद्यापीठाचे हॉकीचे सभागृह प्रेक्षकांच्या गोंगाटासाठी प्रसिद्ध. १९६७ च्या मार्चमध्ये सिराक्यूज येथे कॉर्नेलने उपांत्य सामना नॉर्थ डकोटाविरुद्ध १-० असा जिंकला आणि अंतिम सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीला ४-१ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. दोन सामन्यांत गोलरक्षकाने एकच गोल होऊ दिला होता. पुढच्या वर्षी तिसरा क्रमांक. त्याच्या पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात डेन्व्हरकडून ३-४ असा पराभव. तीन वर्षांचा जमाखर्च असा: ७६ विजय, ४ पराभव, १ बरोबरी.

हे आकडे आम्ही कौतुकासाठी दिलेले नाहीत. यांत गोलरक्षकाच्या दृष्टीने एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. जो संघ ८१ सामन्यांत फक्त चार हरतो, त्या संघाचा गोलरक्षक बराच वेळ काहीच करत नाही. खेळ दुसऱ्या टोकाला चाललेला असतो. आपले पाच सोबती पाठमोरे दिसत असतात. तो एकटा, भारी गाद्या बांधून, सहा फुटी जाळ्यापुढे उभा राहून पाहत असतो. आणि या पाहण्याला विश्रांती म्हणता येत नाही, कारण कोणत्याही क्षणी ते पाहणे थांबवून त्याला खेळावे लागते. ड्रायडन यांची एक छबी हॉकीच्या रसिकांना पाठ आहे: स्टिकचे टोक बर्फावर टेकवलेले, वरच्या टोकावर दोन्ही हातमोजे ठेवलेले, त्यांवर हनुवटी टेकलेली, आणि सहा फूट चार इंचांचा तो माणूस खेळ थांबलेला असताना समोर पाहतो आहे. एखाद्या शेतकऱ्याने फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून शेताकडे पाहावे तशी ती मुद्रा आहे. माँट्रियलमध्ये ती जगप्रसिद्ध झाली. त्या संघातही त्यांच्या वाट्याला हेच आले: स्वतः बलाढ्य असलेल्या संघाचे जाळे राखणे. सामना जिंकून देण्याची संधी ज्याला क्वचित आणि घालवण्याची संधी मात्र नेहमी मिळते, अशा माणसाच्या मनात काय चालते, हा 'द गेम'चा एक मुख्य विषय आहे.

कथनशास्त्र शिकवताना आम्ही निवेदकाच्या स्थानाविषयी बरेच बोलतो. घटनेतला आणि घटनेबाहेरचा असे निवेदकाचे प्रकार पाडतो, फळ्यावर आकृत्या काढतो. गोलरक्षक एकाच वेळी दोन्ही असतो, हे ड्रायडन वाचेपर्यंत आमच्या ध्यानात आलेले नव्हते. तो संघाचा असतो आणि त्याची वेगळी चाल, वेगळी वस्त्रे, वेगळे भय असते. पाच जण धावून दमले की बाकावर जातात, दुसरे येतात. तो साठ मिनिटे तिथेच. ड्रायडन यांच्या गद्याचे वैशिष्ट्य म्हणून जी संथ, वळून वळून पाहणारी, एका निरीक्षणावर रेंगाळणारी वाक्यरचना सांगता येईल, ती या जागेवरून सुचलेली आहे असे आम्हांला वाटते. पण जागा एकट्याने पुरत नाही. जगात गोलरक्षक पुष्कळ झाले, त्यांतल्या फारच थोड्यांनी लिहिले. जागेला सवय जोडावी लागते, आणि ती सवय इतिहासाच्या वर्गात लागली असावी. घडलेल्या गोष्टीची कारणे एकापेक्षा अधिक असतात. विजेत्याने सांगितलेली हकिकत ही अनेकांतली एक असते. आणि आपण ज्या काळात उभे आहोत तो नंतर कोणीतरी वेगळाच वाचणार आहे. खेळाडूच्या आत्मकथनात सहसा न आढळणाऱ्या या तीनही गोष्टी 'द गेम'मध्ये आहेत.

आणि त्यांच्या इतिहासाचे शेवटचे सत्र पुस्तकांपुरते नव्हते. डेन्व्हरविरुद्धच्या पराभवानंतर पुढच्याच महिन्यात, १९६९ च्या एप्रिलमध्ये, कॉर्नेलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलार्ड स्ट्रेट हॉल ही विद्यार्थ्यांची इमारत ताब्यात घेतली आणि छत्तीस तासांनी हातांत बंदुका घेऊन ते बाहेर पडले. ते छायाचित्र जगभर गेले. बाहेरून आलेल्या एका कॅनेडियन मुलाची पदवी त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. व्हिएतनामच्या युद्धासाठी ज्यांना बोलावणे येऊ शकत होते असे सहाध्यायी त्याच्या आजूबाजूला होते. ज्युनियर संघाच्या बसमधून गावोगाव हिंडणाऱ्या त्याच्या वयाच्या मुलाने हे वर्तमानपत्रात वाचले असते, किंवा वाचलेही नसते.

पदवीनंतर ड्रायडन लगेच माँट्रियलला गेले नाहीत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ते विनिपेगला कॅनडाच्या राष्ट्रीय संघात गेले. फादर डेव्हिड बॉअर या धर्मगुरूने १९६० च्या दशकाच्या आरंभी उभी केलेली ही कल्पना: हौशी खेळाडूंनी विद्यापीठात शिकावे आणि देशाकडून खेळावे. ड्रायडन यांनी तिथे कायद्याचा अभ्यास सुरू केला. १९७० च्या जानेवारीत, व्यावसायिक खेळाडूंना घेण्यावरून आंतरराष्ट्रीय संघटनेशी वाद होऊन कॅनडाने आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून अंग काढून घेतले आणि तो संघच विसर्जित झाला. मग ते माँट्रियलला आले. मॅगिल विद्यापीठात कायद्याचे वर्ग आणि कॅनेडियन्सच्या दुय्यम संघातून, व्हॉयाजर्समधून, सामने.

१९७१ चा वसंत हॉकीच्या इतिहासात अनेकदा सांगितला गेला आहे, तरी आमच्या वाचकांसाठी पुन्हा सांगायला हवा. मार्चमध्ये हंगाम संपता संपता ड्रायडन यांना मुख्य संघात बोलावले. ते सहा सामने खेळले, सहाही जिंकले. त्यांतला एक सामना २० मार्चचा, बफेलोविरुद्ध. बफेलोचा गोलरक्षक होता डेव्ह ड्रायडन. माँट्रियलचा नेहमीचा गोलरक्षक जखमी झाल्याने धाकटा मध्येच मैदानात उतरला आणि अंगणातले दोघे भाऊ फोरममध्ये समोरासमोरच्या जाळ्यांपुढे उभे राहिले. नॅशनल हॉकी लीगमध्ये असे पूर्वी घडले नव्हते. सामना संपल्यावर रिंकच्या मध्यावर येऊन दोघांनी हस्तांदोलन केले. वडील टोरांटोहून पाहायला आलेले होते.

एप्रिलमध्ये बाद फेरीत पहिलीच गाठ बॉस्टनशी. त्या वर्षी बॉस्टनने ३९९ गोल केले होते. फिल एस्पोझिटो या एकट्या खेळाडूचे ७६. सहा सामन्यांचा अनुभव असलेला, कायद्याच्या वर्गातून आलेला गोलरक्षक त्यांच्यापुढे उभा करणे हा वेडेपणा होता. पहिला सामना माँट्रियल हरले. दुसऱ्यात ते १-५ असे मागे पडले, आणि तिथून ७-५ असा विजय मिळवला. सातव्या सामन्यात, बॉस्टनच्या घरच्या मैदानावर, ४-२ असा निकाल लागला. सात वर्षांपूर्वी ज्यांनी निवडून सोडून दिले होते त्यांनाच त्या मुलाने घरी बसवले. पुढे मिनेसोटा, आणि शेवटी शिकागो, तेही सातव्या सामन्यात, दोन गोलांनी मागे पडून ३-२ असे. बाद फेरीतले वीसही सामने ड्रायडन खेळले आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा कॉन स्माइथ चषक त्यांना मिळाला. नियमित हंगामात सहाच सामने झालेले असल्याने पुढच्या वर्षी ते नियमाप्रमाणे 'नवोदित' ठरले आणि १९७२ साली नवोदिताचा काल्डर चषकही त्यांनाच मिळाला. हे दोन चषक या उलट्या क्रमाने मिळवणारे तेच एक. कायद्याची पदवी १९७३ मध्ये मिळाली, आणि त्यानंतर मानधनाचा वाद झाला तेव्हा त्यांनी १९७३-७४ चा संपूर्ण हंगाम सोडून टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली.

इथपर्यंत आले की बहुतेक लेखक 'अभ्यास आणि खेळ यांचा सुंदर समतोल' या वाक्याकडे वळतात. आमच्या जिमखान्याच्या भिंतीवरही या अर्थाचे एक वाक्य रंगवलेले आहे. ड्रायडन यांची हकिकत या वाक्यासाठी वापरणे आम्हांला सर्वस्वी चुकीचे वाटते. समतोल या शब्दात दोन पारडी आहेत, आणि दोहोंतले सामान वेगळे आहे. इथे तसे काही दिसत नाही. इतिहासाच्या अभ्यासाने गोलरक्षण सुधारले नाही आणि गोलरक्षणाने इतिहासाचे गुण वाढले नाहीत. घडले ते इतकेच, की खेळणाऱ्या माणसाला खेळाबाहेर उभे राहण्यासाठी एक जागा मिळाली आणि ती त्याने आयुष्यभर सोडली नाही. १९७३-७४ च्या संपूर्ण हंगामाला नकार देण्याची हिंमतही त्या जागेमुळेच आली असेल. ज्याच्यापाशी दुसरे काहीच नाही त्याला असा नकार परवडत नाही.

याला एक भक्कम आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. ही जागा कोणाला मिळते? उपनगरातले घर, अंगणाला डांबर घालणारे वडील, मुलाला परदेशी विद्यापीठात पाठवण्याची ऐपत. माँट्रियलचा त्या काळचा सर्वांत थोर खेळाडू गी लाफ्लर हा क्वेबेकमधल्या थुर्सो नावाच्या लहानशा गिरणीच्या गावातला. तो ज्युनियरच्या त्याच ठरलेल्या रस्त्याने आला, १९७०-७१ मध्ये क्वेबेकच्या ज्युनियर संघाकडून १३० गोल करून. महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नाही. मग महाविद्यालयाचे गोडवे गाणारे आपण मध्यमवर्गीय सवलतीचेच गोडवे गात नाही काय?

या प्रश्नाला आमच्यापेक्षा चांगले उत्तर खुद्द 'द गेम'मध्ये आहे. त्या पुस्तकात ज्याच्याकडे सर्वाधिक विस्मयाने पाहिले आहे तो लाफ्लरच. ड्रायडन त्याच्यात शिकलेल्या माणसाने अशिक्षिताचे करावे तसे कौतुक शोधत नाहीत. उलट सरावाच्या आधी, कोणी नसताना, रिंकवर एकटा खेळणारा लाफ्लर हाच त्यांना त्या हरवलेल्या अंगणाचा खरा वारस वाटतो. स्वतःच्या 'विद्वान खेळाडू' या प्रतिमेकडे मात्र ते संशयाने पाहतात. सवलत मिळालेल्या माणसाने तिचा उपयोग दुसऱ्याला नीट पाहण्यासाठी केला, तर आक्षेपाची धार पुष्कळशी बोथट होते. पुरती जात नाही, हे मान्य आहे. लाफ्लरने तो खेळ आतून कसा पाहिला असता, हे ड्रायडन कितीही समंजस असले तरी त्यांच्या वाक्यांतून आपल्याला मिळणार नाही.

आता आमच्याकडे. आमच्या वर्गात दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी खेळाडू कोट्यातून येतात. कबड्डीची एक मुलगी, कुस्तीचा एक मुलगा, कधी एखादी धावपटू. आम्ही त्यांना ओळखतो ते हजेरीपटातल्या रिकाम्या चौकटींवरून. सत्राच्या शेवटी शारीरिक शिक्षण संचालकांचे पत्र येते, आम्ही चौकटी भरतो, क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि ते विद्यार्थी पदवीधर होतात. मराठीच्या वर्गात त्यांनी तीन वर्षे घालवली असे कागद सांगतो. या तीन वर्षांत त्यांना कोणी एकदाही विचारत नाही, की चढाईला जाताना रेषेवर पाय ठेवण्याच्या क्षणी काय दिसते. विचारण्याचे काम आमचे होते. ते आम्ही 'त्यांचा विषय' म्हणून जिमखान्यावर सोपवले, आणि जिमखान्याला निकाल हवा असतो.

महाविद्यालयाने खेळाडूसाठी काय करावे याचे एक उदाहरण महाराष्ट्रात आहेच, आणि ते ड्रायडन यांच्या जन्माच्या आसपासचे आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ मध्ये लंडनला सहावे आलेल्या या मल्लाला १९५२ मध्ये हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. पण त्या आखाड्यातले, त्या बोटीतले, त्या परक्या गावातले खाशाबा आपल्याला भेटतात ते इतरांच्या शब्दांत. घर गहाण टाकण्याइतका मोठेपणा एका प्राचार्यांपाशी होता. मराठीच्या कोणा अध्यापकाने त्यांच्यापुढे कोरी वही ठेवली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हांला सतावतो.

मराठी आत्मकथनाने काम करणाऱ्या शरीराला जागा दिलेली नाही असे कोणी म्हणणार नाही. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे. त्याआधी १९७० मध्ये हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका'. या पुस्तकांनी आपल्या गद्यात राबणारे, नाचणारे, मार खाणारे शरीर आणले आणि अभ्यासक्रमाला आपली दारे रुंद करावी लागली. खेळणारे शरीर मात्र आम्ही शिकवलेल्या एकाही अभ्यासपत्रिकेत आलेले नाही. क्रीडालेखन आपल्याकडे चांगले झाले, वि. वि. करमरकरांनी मराठी वृत्तपत्राच्या क्रीडापानाला प्रतिष्ठा दिली आणि द्वारकानाथ संझगिरींनी क्रिकेटला ललित गद्याचा वाचक मिळवून दिला. पण हे कठड्याबाहेरून पाहणाऱ्यांचे लेखन आहे. सुनील गावसकरांनी १९७६ मध्ये आत्मकथन लिहिले ते इंग्रजीत.

भाषा कमी पडते म्हणावे, तर तेही खरे नाही. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, एकेरी पट: कुस्तीच्या डावांना मराठीत जितकी नेमकी नावे आहेत तितकी आमच्या समीक्षेतल्या संकल्पनांनाही नाहीत. नावे आहेत, वाक्ये नाहीत. पट काढताना प्रतिस्पर्ध्याच्या मांडीवर हाताची पकड बसते त्या आधीचा क्षण, जेव्हा दोघांनाही काय होणार ते कळलेले असते, त्या क्षणाचे मराठी वाक्य आमच्या वाचनात आलेले नाही.

'द गेम'मधल्या अंगणाच्या पानांचा मराठी अनुवाद आत्मचरित्राच्या पेपरासाठी करावा, असा आमचा विचार आहे. पहिल्याच पानावर 'पक'पाशी आम्ही अडलो. 'चकती' म्हटले तर ती फार निरुपद्रवी होते, आणि 'पक' तसाच ठेवला तर मराठी वाक्यात तो पिकलेल्या फळासारखा ऐकू येतो. द्वितीय वर्षातल्या ज्या कुस्तीगीर विद्यार्थ्याला आम्ही हा शब्द विचारला, त्याने ती वस्तू किती जड असते हे आधी विचारले. साधारण सहा औंस, असे आम्ही सांगितले. त्यावर तो म्हणाला, "सर, मग ती लागते कुठे, ते बघून नाव ठेवा." तूर्त आम्ही 'पक' ठेवला आहे.